कंपनीचा ड्रेस आणि कपड्यावरचा धागा

आज आम्ही कापडाबद्दल बोलणार आहोत, पण शिलाईच्या दराबद्दल नाही. आपल्यातल्या किती तरी गटांनी शाळेचे गणवेश शिवले आहेत. काहींनी एमआयडीसीतल्या कामगारांचे शर्ट-पँट शिवले आहेत. सुती कापड कोणतं आणि टेरिकॉट कोणतं, हे तुमच्या बोटांना डोळे मिटून कळतं. म्हणूनच पोलीस तपासात कपड्यावरचा एक धागा काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे तुम्हाला पुष्कळ शिकलेल्या माणसांपेक्षा लवकर समजेल अशी आमची खात्री आहे.

हा विषय काढायचं कारण आहे. गटांच्या बैठकांत कोर्टकचेरीचा विषय निघाला, की दोन प्रश्न हमखास येतात. एक, 'पोलीस अंगावरचे कपडे कशाला मागतात?' आणि दुसरा, जो हळू आवाजात विचारला जातो, 'आईनं पोरीचे कपडे धुऊन टाकले, आता केस उभी राहील का?' दोन्हींची उत्तरं आज द्यायची आहेत. मात्र थोडा वळसा घालून.

शेतातून घरी आल्यावर लुगड्याचा काठ बघा. कुसळं चिकटलेली असतात, आघाड्याचं बी असतं, कधी गोखरू. सासूबाई काठ बघून सांगतात, 'आज बांधावरून आलीस वाटतं.' बाईनं तोंडानं काही सांगितलेलं नसतं, काठानं सांगितलेलं असतं. फ्रान्समधल्या लिऑन शहरात एडमंड लोकार नावाच्या माणसानं १९१० साली पोलिसांसाठी दोन खोल्यांत छोटी प्रयोगशाळा सुरू केली. त्यांचं म्हणणं असंच होतं. दोन वस्तू किंवा दोन माणसं एकमेकांना लागली, की याचं थोडं त्याला लागतं आणि त्याचं थोडं याला. जगभरच्या तपासाचा पाया आजही तोच आहे.

आपण बोलताना 'धागा' म्हणतो, पण प्रयोगशाळेत बघतात तो तंतू. धागा म्हणजे पुष्कळ तंतूंचा पीळ. कापसाचं बोंड फोडून बोटांनी ओढलं की जे एकेक केसासारखं निघतं, तो तंतू. माणसाच्या केसाहूनही तो कितीतरी बारीक. नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून गुन्हेगाराला तो झटकायचं सुचत नाही.

कापड ओळखायची आपली पद्धत जाळून बघायची. सुती जळलं की कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. लोकर किंवा रेशीम जाळलं तर केस जळाल्याचा वास. प्रयोगशाळेला असं करून चालत नाही, कारण हातात तंतू एकच असला आणि तोच जाळला तर पुरावा संपला. म्हणून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सुती तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. लोकरीवर खवले असतात. पॉलिस्टर काचेच्या सळीसारखा गुळगुळीत, आणि चकाकी कमी करायला कारखान्यात पूड मिसळली असेल तर आत बारीक ठिपके दिसतात. तो आडवा कापून बघितला तर कधी गोल, कधी तीन पाकळ्यांचा. मग रंग. आपल्या डोळ्यांना दोन निळे सारखे वाटतात, पण त्यातून प्रकाश सोडून यंत्रानं मोजलं की वेगळ्या रंगाचे निघतात. घटनास्थळी सापडलेला तंतू आणि संशयिताच्या कपड्याचा तंतू शेजारी शेजारी ठेवून हे सगळं ताडून बघतात. कपड्यावरून तंतू उचलायला चिकटपट्टीच वापरतात. आपण ब्लाउजवरची रुई काढायला वापरतो तशी.

आता एक खरी केस सांगतो. अमेरिकेत अटलांटा शहरात १९७९ ते १९८१ या काळात पंचवीसहून जास्त काळ्या मुलांचे आणि तरुणांचे खून झाले. बहुतेक गरीब वस्तीतले. सुरुवातीला हे सगळे खून एकमेकांशी जोडलेले असतील, असं यंत्रणा मानायलाच तयार नव्हती. तेव्हा मुलं गमावलेल्या आया १९८० साली एकत्र आल्या, त्यांनी समिती काढली आणि सरकारला जाब विचारला. हा भाग आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. गट काय करू शकतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तरीही.

तिथं अनेक मृतांच्या अंगावर आणि कपड्यांवर एकच विचित्र तंतू पुन्हा पुन्हा सापडत होता. पिवळसर हिरवा, नायलॉनचा, जाड. आडवा कापला की दोन लांब पाकळ्या आणि एक आखूड. कापड-उद्योगातल्या जाणकारांना दाखवल्यावर तो जमिनीवर अंथरायच्या गालिच्याचा असल्याचं कळलं. शोधत शोधत तपास तंतू बनवणाऱ्या कंपनीपर्यंत गेला, तिथून गालिचा विणणाऱ्या कंपनीपर्यंत, आणि मग कंपनीच्या विक्रीच्या वह्यांपर्यंत. तसा तंतू वापरून त्या रंगाचा गालिचा १९७० आणि १९७१ या दोनच वर्षांत बनला होता, एकूण १६,३९७ चौरस यार्ड. तो दहा राज्यांत विकला गेला होता. त्यावरून हिशेब मांडला गेला, की अटलांटात साधारण ७,७९२ घरांमागे एका घरात तसा गालिचा असावा. वेन विल्यम्स या संशयिताच्या घरात तो होता. त्याच्या पलंगपोसाचे जांभळे तंतू आणि कुत्र्याचे केस हेही मृतांवर सापडलेल्यांशी जुळले.

अधेमधे एक वाईट गोष्ट घडली. पोलीस तंतू शोधत आहेत, ही बातमी फेब्रुवारी १९८१ मध्ये वर्तमानपत्रात छापून आली. त्यानंतर मृतदेह नदीत सापडू लागले, कपडे काढून टाकलेले. खुनी पेपर वाचत होता. तपासातली गोष्ट चावडीवर बोलायची नसते, ती याचसाठी.

विल्यम्सला फेब्रुवारी १९८२ मध्ये दोन प्रौढ तरुणांच्या खुनासाठी जन्मठेप झाली. मुलांच्या खुनाचे खटले त्याच्यावर चाललेच नाहीत, तरी पोलिसांनी बहुतेक फाइली त्याच्या नावावर बंद केल्या. आपण निर्दोष आहोत असंच तो सांगत आला, आणि काही आयांनाही तो निकाल पटला नाही. त्या ७,७९२ च्या आकड्यावरही जाणकारांनी बोट ठेवलं. गालिचा दहाही राज्यांत सारखा वाटला गेला, हे मुळात धरून चाललेलं होतं. आम्हाला विचाराल तर गालिच्याचा माग काढण्याचं काम उत्तमच झालं होतं, पण 'इतक्या घरांत एक' असा आकडा कुणी पुढे केला की तो कशावरून काढला, हे विचारलंच पाहिजे. बचत गटाच्या हिशेबातही आपण तसंच विचारतो.

गालिचा दुर्मिळ होता म्हणून कामाला आला. कंपनीच्या ड्रेसचं नेमकं उलट आहे.

समजा एखाद्या बाईच्या पदरावर खाकी टेरिकॉटचा तंतू सापडला. तसं कापड ठाणभर नव्हे, ट्रकभर विकलं जातं. एकाच ताग्यातून आपल्या गटानं दोनशे शर्ट शिवले असतील, दुसऱ्या गटानं पाचशे. वॉचमन, ड्रायव्हर, शाळेचा शिपाई, कारखान्याचा कामगार, सगळ्यांच्या अंगावर तेच. तंतू हुबेहूब जुळला, तरी त्याचा अर्थ 'या प्रकारच्या कापडातून आला असू शकतो' एवढाच. 'याच माणसाच्या शर्टातून आला' असा होत नाही. पांढरा सुती तंतू आणि जीनच्या पँटचा निळा सुती तंतू तर इतके सगळीकडे असतात, की तपासणारे त्यांना फारसा भाव देत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २००९ साली न्यायवैद्यक शास्त्रावर मोठा अहवाल काढला. त्यातही हेच म्हटलं आहे, की तंतू वर्ग सांगतो, व्यक्ती सांगत नाही.

हे आम्ही जोर देऊन सांगतो, कारण याची दुसरी बाजू आपल्याच घरात असते. आपला भाऊ, आपला मुलगा कुठल्या तरी कंपनीचा ड्रेस घालून रात्रपाळीला जातो. 'निळ्या ड्रेसवाला होता' एवढ्यावर उद्या त्याला कुणी धरून नेलं, तर ड्रेस निळा असणं आणि गुन्हा करणं यात किती अंतर आहे, हे आपल्याला मांडता आलं पाहिजे. बाईला न्याय मिळायचा तर खरा माणूस सापडायला हवा. भलताच सापडला तर खरा मोकळा राहतो.

मग ड्रेसचा पुरावा अगदीच कुचकामी का? तसं नाही. ड्रेस सगळ्यांचे सारखे असले तरी काम सारखं नसतं. जिनिंगमध्ये जाणाऱ्याच्या ड्रेसवर रुई असते, गिरणीवाल्याच्या अंगावर पीठ, गॅरेजवाल्याच्या बाहीला ग्रीस. कापडापेक्षा कामाचा डाग जास्त बोलतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरणही अमेरिकेतलंच आहे.

वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल शहराजवळ ग्रीन रिव्हर नावाची नदी आहे. १९८२ पासून त्या नदीत आणि आसपासच्या रानात तरुण मुलींचे मृतदेह सापडू लागले. बऱ्याच जणी घर सोडून आलेल्या, पोटासाठी रस्त्यावर उभं राहावं लागणाऱ्या, काही तर पंधरा-सोळा वर्षांच्या. अशा मुली नाहीशा झाल्या तर कोण विचारतं? कुणी म्हणायचं, गेली असेल दुसऱ्या गावाला. खुनीही हेच ओळखून होता. आपण अशा बायका निवडल्या, कारण त्या हरवल्याचं लवकर कुणाच्या लक्षात येणार नव्हतं, असं त्यानं पुढे कोर्टात स्वतःच कबूल केलं.

गॅरी रिजवे हा तो माणूस. तीस वर्षांच्या आसपास एकाच ट्रक कारखान्यात नोकरी, काम ट्रक रंगवण्याचं. पोलिसांना त्याचा संशय लवकरच आला होता. १९८४ साली त्याची खोटं पकडण्याच्या यंत्रावर चाचणी झाली आणि तो त्यात पास झाला. १९८७ साली घराची झडती झाली आणि त्याच्याकडून कापसाची घडी चावून घेऊन लाळेचा नमुना ठेवला. तेव्हा तेवढ्यावरून काही सिद्ध करता येत नव्हतं. तो पुन्हा कामावर जाऊ लागला.

पण नमुना कुणी फेकून दिला नाही. मृत मुलींचे कपडेही कुणी फेकले नाहीत. २००१ साली डीएनएची नवी पद्धत आल्यावर ती लाळ जुळली आणि ३० नोव्हेंबर २००१ ला त्याला अटक झाली. सुरुवातीला आरोप ठेवता आले ते चार खुनांचे. बाकीच्यांचं काय? तेव्हा तपासणाऱ्यांनी जुने कपडे पुन्हा बाहेर काढले आणि स्किप पॅलेनिक या सूक्ष्मदर्शक-तज्ज्ञाकडे पाठवले.

त्याला त्या कपड्यांवर रंगाचे अतिशय बारीक गोल मणी दिसले. डोळ्यांनी मुळीच न दिसणारे. असे मणी कसे होतात? आपण पाठीवरच्या पंपानं फवारणी करतो तेव्हा थेंबांचा धुरळा उडतो. स्प्रे-गननं रंग मारतानाही तसाच उडतो, आणि त्यातले सगळ्यात बारीक थेंब हवेतच वाळून गोल मणी होतात. मग ते रंगाऱ्याच्या ड्रेसवर, केसांत, गाडीच्या सीटवर बसतात. ब्रशनं रंग लावणाऱ्याच्या अंगावर असे मणी होत नाहीत. या मण्यांची घटकद्रव्यं तपासली, तेव्हा तो इमरॉन नावाचा खास महागडा रंग निघाला. रिजवेच्या कारखान्यात त्या वर्षांत तोच रंग ट्रकना मारला जात होता. याच्या जोरावर मार्च २००३ मध्ये आणखी तीन खुनांचे आरोप त्याच्यावर लागले. दोरी चहूबाजूंनी आवळत चालल्यावर त्यानं ५ नोव्हेंबर २००३ ला ४८ खुनांची कबुली दिली. पुढे आणखी एक वाढला.

वीस वर्षं, बायांनो. वीस वर्षं ते कपडे पाकिटात पडून होते. ज्या मुलींची हयात असताना कुणी दखल घेतली नाही, त्यांच्या कपड्यांनी साक्ष दिली.

इथं आपण त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे येतो.

तंतू अंगावर फार वेळ टिकत नाही. इंग्लंडमधल्या पाउंड्स आणि स्मॉलडन या दोघांनी १९७५ साली प्रयोग करून दाखवलं, की कपड्यावर आलेले परके तंतू पहिल्या काही तासांतच बहुतेक झडून जातात, माणूस हिंडता-फिरता असेल तर लवकरच. शिवणीत, खिशात, हुकाखाली, वेणीत अडकलेले मागे राहतात. म्हणून एखाद्या बाईवर किंवा मुलीवर हल्ला झाला, तर ज्या कपड्यांत ती आहे त्याच कपड्यांत, अंघोळ न करता, केस न विंचरता दवाखान्यात किंवा पोलीस ठाण्यात जाणं सगळ्यात चांगलं. हे सांगणं सोपं आणि करणं किती कठीण, ते आम्हाला माहीत आहे. आईला पहिल्यांदा वाटतं ते पोरीला अंघोळ घालावी, ते कपडे डोळ्यांसमोरून जावेत. त्यात आईचा दोष नाही.

कपडे बदलावेच लागले, तर जमिनीवर स्वच्छ कागद किंवा धुतलेली चादर अंथरून तिच्यावर उभं राहून काढावेत, म्हणजे जे गळेल ते त्यात राहतं. मग ती चादरही सोबत द्यावी. झटकू नये. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत घालावा. वर्तमानपत्राच्या घडीपेक्षा कोरा खाकी कागद बरा, पण नसेल तर अडून बसू नये. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र नको. त्यात ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए नासतो. कपडा ओला असेल तर घरात सावलीत, पंखा न लावता वाळू द्यावा. उन्हात नको. फाटलेला असेल तर शिवू नये, तुटलेलं बटणही पिशवीत टाकावं. त्या माणसाच्या शर्टाचं बटण हाती आलं असेल, तर ते एका तंतूपेक्षा कितीतरी मोलाचं, कारण बटणामागे अडकलेला दोरा आणि त्याच्या शर्टावरची फाटकी जागा एकमेकांत बसतात का, ते बघता येतं.

आणि धुतलेच असतील तर? तरीही द्यावेत. 'धुतले आहेत' असं स्पष्ट सांगून द्यावेत. धुतल्यानं पुरावा कमी होतो, पण प्रत्येक वेळी सगळाच जातो असं नाही. शिवणीत डीएनए राहिल्याची उदाहरणं आहेत. आणि केस एकट्या कपड्यांवर उभी राहत नाही. मुलीचा जबाब हाही पुरावाच आहे. कपडे धुतले म्हणून तक्रार घ्यायला कुणी नकार देऊ शकत नाही.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती पुष्कळांना माहीत नसते. घरातल्या घरात छळ होत असेल, तर नवऱ्याच्या ड्रेसचे तंतू बायकोच्या साडीवर सापडण्याला काही अर्थ नाही. एकाच बादलीत कपडे भिजतात, एकाच दोरीवर वाळतात. इकडचे तंतू तिकडे जाणारच. तिथं अंगावरच्या जखमा, डॉक्टरांचा कागद, शेजाऱ्यांची साक्ष, फोनमधले संदेश हे महत्त्वाचं. तंतू खरा उपयोगी पडतो तो दोन माणसांचा एरवी काही संबंध नसताना. तेव्हासुद्धा एसटीच्या सीटवरून परक्याचा तंतू आपल्याला लागू शकतो, म्हणून एक-दोन तंतूंवर कुणी जाणता तपासनीस विसंबत नाही. बरेच तंतू, दोन्ही बाजूंनी, आणि वेगवेगळ्या प्रकारचे जुळले, तर ते बळकट.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, अशी तरतूद त्यात आहे. ती आपापल्या ठिकाणी पूर्ण अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, तक्रार जवळच्या ठाण्यात देता येते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. बलात्काराच्या केसमध्ये खबर मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत बाईला तपासणीसाठी डॉक्टरकडे पाठवायचं असतं. ती तपासणी तिच्या संमतीनंच, आणि प्रथमोपचार व औषधोपचार सरकारी काय, खासगी दवाखान्यातही मोफत. अडचणीत ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा नंबर फिरवता येतो.

कपडे ताब्यात घेतल्यावर त्यांना 'मुद्देमाल' म्हणतात. ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. मुंबईत कलिना, शिवाय नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर इथं त्या आहेत. तिथून येतो त्याला ठाण्यात 'सीए रिपोर्ट' म्हणतात. तो यायला वेळ लागतो. केस संपेपर्यंत कपडे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून एकुलती चांगली साडी गेली असेल तर गटानं तिला दुसरी द्यावी. हे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही.

जप्तीच्या वेळी पंच लागतात. पंच पुरुषच हवेत असा नियम नाही, गटातली बाईही पंच होऊ शकते. कुणी बोलावलं तर घाबरून मागं सरू नका. पंचनामा वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. साडीचा रंग, काठ, फाटलं कुठं, डाग कुठं हे त्यात नीट आलंय का बघा. 'एक जुनी साडी' असं मोघम लिहू देऊ नका. कापडाचं वर्णन करायला आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला येणार? प्रत्येक कपडा वेगळ्या पाकिटात गेला का, संशयिताचे कपडे आणि बाईचे कपडे एकाच टेबलावर एकाच वेळी पसरले नाहीत ना, हे बघा. तसं झालं तर तंतू तिथंच एकमेकांवर जातात आणि आरोपीचा वकील पुढं नेमकं तेच विचारतो. मग पाकीट तुमच्यासमोर बंद होऊन लाखेची मोहर लागली आणि चिठ्ठीवर तारीख-वेळ पडली, की सही करा. कोऱ्या कागदावर नाही.